‘ओला’ ऐकू येईना

रविवार, रात्री साडेअकरा

वाद्यांच्या साथीने माझ्या कविता म्हणायच्या आहेत. आज तालमीत पाच वेळा थांबलो, आणि पाचही वेळा एकाच शब्दापाशी. ओळी अशा :

रहाट थांबला,
दोर मात्र ओला.

व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, आणि कागद हातात घेऊन मी. ‘रहाट थांबला’ शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचतं, ‘ओला’ पोचत नाही. सगळी कविता त्या शब्दावर उभी आहे आणि नेमका तोच चेलोच्या पोटात जातो. आवाज चढवून पाहिला, तर शब्दातली ओलच गेली, कुणीतरी रागावून बोलल्यासारखं झालं.

कारण सापडलं ते आमच्या चेलोवाल्या मुलाला. मडगावचा आहे, मोजकं बोलतो. त्याने मला सहज गप्पा मारायला लावल्या आणि मी बोलत असताना तारांवर माझा आवाज शोधत राहिला. मग म्हणाला, “ताई, तुमचं बोलणं माझ्या या दोन तारांच्या मध्ये आहे.” डीची तार साधारण १४७ हर्ट्‌झची, एची २२०. बाईमाणसाचा रोजचा बोलण्याचा आवाज दोनशेच्या आसपास. म्हणजे आम्ही दोघं एकाच दारातून एकाच वेळी आत शिरत होतो. ‘रहाट’मधला ट, ‘थांबला’तला थ यांना टोक आहे, ते सुरांतून आरपार जातात. ‘ओला’ला टोक नाही, तो नुसता वाहतो. इतकी वर्षं लिहिते आहे, पण स्वतःच्या शब्दांकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

आठवडाभर ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गचं ‘पिएरो लुनेर’ ऐकते आहे. १९१२च्या ऑक्टोबरात बर्लिनला त्याचा पहिला प्रयोग झाला. एकवीस कविता, पाच वादक आणि आल्बर्टिन त्सेमे ही नटी. शोनबर्गने बोलणारीलाही स्वर लिहून दिले : स्वराला शिवायचं आणि लगेच सोडायचं, गायचं नाही. लय मात्र काटेकोर. त्या दिवशी वादक पडद्याआड होते आणि ती एकटी समोर. दहाएक वर्षांनी लंडनमध्ये इंग्लिश संगीतकार वॉल्टनच्या ‘फसाड’ला याच्या उलट झालं. तिथे कवयित्री ईडिथ सिटवेलच पडद्याआड बसली आणि कर्ण्यातून कविता म्हणाली. मला दोन्ही पडदे नकोत. मला या तिघांचे चेहरे दिसायला हवेत. त्यांच्यात कुणी हात हलवून इशारा करणारा नसतो. व्हायोलिनवाली नाकाने श्वास घेते आणि त्या श्वासावर तिघं एकदम सुरू होतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ओळ उचलण्याआधी मीही तेच तर करते.

आणि मग आठवलं आजोळचं देऊळ. बुवा निरूपण करत असायचे, पेटीवाले काका सूर धरून बसलेले. बुवांचं वाक्य पुरं झालं की मगच ते एखादी छोटी जागा घ्यायचे. बुवांच्या शब्दावर त्यांची बोटं कधी चढली नाहीत.

हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याने मान डोलावली, पेन्सिल घेतली आणि स्वरांच्या खाली माझी ओळ देवनागरीत लिहून काढली. ‘मात्र’पाशी गज उचलायचा. ‘ओला’ एकटा. मी श्वास घेतला की मगच त्याची डीची मोकळी तार.

सहाव्यांदा म्हटलं. ‘मात्र’नंतर चेलो थांबला, पण लाकडात थोडा नाद उरला होता, त्या नादात मी हलकेच ‘ओला’ म्हटलं. मागून तार आली. आवाजात काहीही भरावं लागलं नाही. आधीच्या तालमीत मीही हळवी होत होते आणि वाद्यंही, बासुंदीत आणखी साखर ओतावी तसं. आज साधं म्हटलं आणि क्लॅरिनेटवाले काका, जे एरवी तालमीत घड्याळ बघतात, ते वाजवायचं विसरले.

तिसरी कविता मात्र अजून बसत नाही. ती पादाकुलक या मात्रावृत्तात आहे, तिची चाल तिच्यातच आहे, वर आणखी लय आली की दोन्ही अडखळतात. शनिवारी कार्यक्रम. उद्या सकाळी सातला ती नुसत्या एका लांब सुरावर म्हणून बघणार आहोत, तेही जमलं नाही तर वाद्यं मांडीवर ठेवून तिघं ऐकतील आणि मी एकटी म्हणेन. व्हायोलिनवालीला हे आज बोलले नाही, तिने त्या कवितेसाठी फार सुंदर काही बांधलं आहे.