दोन सोनेरी अक्षरांचा माग

मंगळवार बाजारात भंगाराच्या एका दुकानात पत्र्याच्या डब्यात या चिप्स मिळाल्या, म्हणजे जुगारात पैशांऐवजी डावावर लावतात त्या गोल चकत्या. जहाजावर नोकरी केलेल्या कुणा गृहस्थांच्या घरचं सामान निघालं होतं, त्यातला तो डबा. "कॅरमच्या सोंगट्या हायत की ओ सर, घेऊन टाका," दुकानदार म्हणाला. मी नाणी आणि गिरण्यांचे बिल्ले जमवतो. चिप हातात घेताच ती प्लास्टिकची नाही हे कळलं. मातीसारखा खरखरीत स्पर्श, एकमेकींवर आपटल्यावर येणारा बद्द आवाज आणि मधोमध सोनेरी ठशात फक्त दोन इंग्रजी अक्षरं. ना गाव, ना क्लबचं नाव, ना किंमत.

नाव नसणं हाच पहिला धागा ठरला. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. बाकी बहुतेक ठिकाणी तो मागच्या खोलीत, चोरून चालायचा. धाड पडली तर चिपवरून अड्डा ओळखू येऊ नये म्हणून नुसती आद्याक्षरं छापून घेत. तीही कधी क्लबची, तर कधी मालकाची. त्यामुळे अक्षरांवरून थेट नाव शोधू गेलं की हाती काही लागत नाही.

म्हणून मी अक्षरं बाजूला ठेवली आणि कडेकडे वळलो. ओळखीच्या सराफाकडे वजन केलं, साधारण नऊ-दहा ग्रॅम भरलं. व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे तिकडच्या चिप्सचं नेहमीचं माप. त्यांच्याकडच्याच भिंगाखाली चिप तिरपी धरली आणि कडेने गोल फिरलेली नक्षी स्पष्ट दिसली: बारीक बारीक मुकुटांची रांग. सराफही खुर्ची सोडून बघायला आले. काठावरून चादर कुठल्या कारखान्याची ते जाणकाराला कळतं, तसंच या नक्षीचं आहे. साच्यात दाबताना उमटणारी ही किनार बनवणाऱ्याची ओळख असते. टोपी आणि काठीची नक्षी असेल तर लास वेगासची पॉल-सन, लहान मुकुट असतील तर लॉस एंजेलिसची टी. आर. किंग. माझ्या चिप्स किंगच्या निघाल्या.

इथे बरेच जण थांबतात, आणि मला वाटतं तिथेच चुकतात. साचा कारखाना सांगतो. चिप कुठे खेळली गेली हे सांगत नाही. लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेला माल कुठल्याही गावी गेलेला असू शकतो.

सुदैवाने किंगची जुनी गिऱ्हाइकांची कार्डं संग्राहकांनी जपली आहेत. गिऱ्हाईक, पत्ता, तारीख, रंग, ठशातली अक्षरं असा तपशील त्यांत मिळतो. स्कॅन केलेल्या कार्डांतून रात्रीमागून रात्री मी ती दोन अक्षरं शोधत होतो. तीच अक्षरं अनेक गिऱ्हाइकांनी घेतलेली. मग अक्षरांची घडण आणि चिपचा रंग जुळवत एकेक नाव वगळायचं. शेवटी एक कार्ड सगळ्या बाजूंनी जुळलं: कॅलिफोर्नियातलं लहानसं गाव, चाळीसच्या दशकातली मागणी आणि गिऱ्हाईक म्हणून सिगारचं दुकान!

त्या काळी अशा दुकानांच्या मागे पत्त्यांचा डाव बसे, हे मला वाचून माहीत होतं. तरी खात्री हवी होती, कारण मागणी कधी कधी मधल्या व्यापाऱ्याच्या नावावरही असे. त्या गावची जुनी व्यवसाय-निर्देशिका चाळली. त्याच पत्त्यावर तेच दुकान होतं, आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे माझ्या चिपवरची दोन अक्षरं. त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या गिरणीच्या बिल्ल्यांसाठी कुणी अशी कार्डं जपून ठेवली असती तर, हेही मनात येत राहिलं.

कुणाला असा डबा मिळाला तर आधी धुऊ नका. गरम पाण्याने चिप बिघडू शकते, घासलं तर सोनेरी ठसा निघतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा आणि तिरप्या उजेडात कडेचे फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत नक्षी नीट दिसत नाही.

डब्यातल्या काही चिप्सना किनारच नाही, सपाट आहेत. असा माल घरगुती खेळासाठीही विकला जाई. त्या मी वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत, वर फक्त रंग आणि माप लिहून. अशा चिप्सवर 'लास वेगास' लिहून त्या विकणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही.