फर सीलच्या पट्टकृमींना नावं देताना

चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुद्येयोवित्सेला पोस्टडॉक करत होते तेव्हा माझ्या टेबलावर सेंट पॉल बेटावरच्या उत्तरी फर सीलमधले पट्टकृमी (टेपवर्म) आले. अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात हे बेट आहे. तिथले अलेउट लोक खाण्यासाठी नर सील मारतात, त्यांच्याच आतड्यांतून हे काढलेले. काम एवढंच, की ओळखून नाव लिहायचं.

गण (ऑर्डर) ठरवायला वेळ लागला नाही. टेट्राबोथ्रिडिया या गणाचे कृमीही सीलमध्ये सापडतात, पण त्यांच्या शीर्षावर चार चूषक असतात. यांच्या शीर्षावर नुसत्या दोन खाचा. जुनी पुस्तकं अशा वेळी ‘स्यूडोफायलिडिया’ म्हणून मोकळी होतात. तो गण २००८ मध्ये मोडला आणि त्याचे दोन झाले. माझ्या कृमींचं जननछिद्र पोटाच्या बाजूला आणि गर्भाशयाच्या छिद्राच्या पुढे होतं, म्हणजे डायफायलोबोथ्रिडिया.

खरी मेहनत त्यानंतर. कृमीच्या पट्टीसारख्या शरीराचे खंड कार्माइन या लाल रंगात रंगवायचे, आम्ल घातलेल्या अल्कोहोलने जादा रंग उतरवायचा, मग अल्कोहोल तीव्र करत नेऊन पाणी काढायचं आणि शेवटी लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचे. त्या वासाने मला भर प्रयोगशाळेत मसालेभाताची भूक लागायची. कृमी बघताना हे शोभत नाही, पण व्हायचं खरं.

काही खंडांत जननेंद्रियांचा एकच संच होता, काहींत शेजारी-शेजारी दोन. पूर्वी दोन संच दिसले की ‘डिप्लोगोनोपोरस’ ही वेगळी प्रजाती (जीनस) लिहायचे. २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे ती डायफायलोबोथ्रियममध्ये विलीन झाली. म्हणून दोन संचांचे ते डायफायलोबोथ्रियम टेट्राप्टेरम.

एका संचाच्या खंडांवर जननछिद्राच्या पुढे बारीक उंचवटे होते. हा अडीनोसेफॅलस पॅसिफिकस. प्राणिशास्त्रज्ञ नायबेलिन यांनी १९३१ मध्ये चिलीच्या हुआन फर्नांडेझ बेटांवरच्या फर सीलमधून त्याचं वर्णन केलं. पुढे तो डायफायलोबोथ्रियममध्ये गेला आणि २०१५ मध्ये परत मूळ नावावर आला. पेरूत कच्च्या सागरी मासळीतून माणसाला होतो तो हाच.

माझं नशीब हे, की गोळा करणाऱ्यांनी कृमी कडकडीत गरम फॉर्मलिनमध्ये टाकले होते. जिवंत कृमी थंड फॉर्मलिनमध्ये टाकला की आकसतो, मान आखूड होते, खंड रुंद दिसतात. अशा आकसलेल्या मापांवर जुन्या मंडळींनी सढळ हाताने नव्या जाती केल्या. आजच्या नावांच्या गोंधळातला मोठा वाटा त्यांचाच, असं माझं मत आहे. फॉर्मलिनमुळे डीएनए खराब होतो, म्हणून प्रत्येक कृमीचा तुकडा आधीच शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. त्यातून जाती ओळखायला वापरतात त्या कॉक्स-१ जनुकाचा डीएनए-क्रम काढला, तो दोन्ही नावांशी जुळला.

राहिली कृमींची पिल्लं. जननेंद्रियं तयारच झालेली नसल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सगळी सारखी. ज्यांचा क्रम मिळाला त्यांना नाव दिलं. बाकीच्या बाटल्यांवर ‘डायफायलोबोथ्रिडिया, अपक्व’ एवढंच लिहिलं.