बेनी मॉपिनची बास क्लॅरिनेट

अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’ (१९७३) हा जॅझ आणि फंक (ठेक्यावर नाचवणारं संगीत) यांचा अल्बम म्हटलं की लोक लगेच त्यातल्या ‘कमीलियन’ची बेसलाइन, म्हणजे खर्जातली चाल, गुणगुणायला लागतात. आर्प ओडिसी या सिंथवरची (विजेवर सूर तयार करणाऱ्या कीबोर्डवरची) ती लाइन आहेच तशी, पाय गप्प राहत नाहीत. पण मी नाटकांचा साऊंड करतो, आणि माझा जीव अडकलाय तो अल्बमच्या शेवटच्या ट्रॅकमध्ये, ‘व्हेन मेल्टर’मध्ये.

हार्वी मेसन ड्रम्सवर मार्चच्या चालीत संथ चालत राहतो आणि त्यावर बेनी मॉपिनची बास क्लॅरिनेट येते. लग्नाच्या बँडमधली आपली क्लॅरिनेट वरच्या पट्टीत किंचाळते. ही तिच्यापेक्षा अख्खं सप्तक खाली. जाड, लाकडी, किंचित घोगरा सूर. भोवती सगळा विजेचा कारभार. गिटार तर अल्बमभर नाहीच, तिचं काम हॅनकॉकने क्लॅव्हिनेट या विजेच्या कीबोर्डवर भागवलंय. सिंथवर बोट ठेवलं की सूर हजर. इथे मात्र आधी हवा येते, मग रीड (तोंडाशी लावलेली पातळ पट्टी) थरथरते, मग कुठे सूर भरतो. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही कळणार नाही.

(माइकवाल्यांसाठी: या वाद्याचा सगळा आवाज खालच्या वळलेल्या भोंग्यातून येत नाही. बरेचसे सूर मधल्या भोकांतूनच बाहेर पडतात. भोंग्यावर एकच माइक लावलात तर खर्जातले सूर दणकन येतील, बाकीचे दबतील. वर दुसरा लावलात तर किल्ल्यांची खटखटही येईल. येऊ द्या.)

मॉपिनला विजेच्या वाद्यांची सवय जुनी. १९६९ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बमच्या रेकॉर्डिंगला त्याने फक्त बास क्लॅरिनेट वाजवली, आणि समोर कधी दोन, कधी तीन इलेक्ट्रिक पियानो. मग हॅनकॉकच्या आधीच्या बँडमध्ये पॅट्रिक ग्लीसनच्या सिंथशेजारी. एरिक डॉल्फीने हे वाद्य जॅझमध्ये पुढे आणलं, पण तो सुरांचा नुसता पाऊस पाडायचा. मॉपिन थांबतो. दोन सूर टाकतो आणि बेसला वाट देतो. फंकमध्ये हे जमणं फार कठीण, हात शिवशिवतात.

पुढे १९७४ मध्ये त्याने ‘द ज्वेल इन द लोटस’ हा स्वतःचा अल्बम केला. पियानोवर पुन्हा हॅनकॉकच, फंक मात्र औषधालाही नाही. माझे फंकवाले मित्र तो लागला की घड्याळ बघतात. बघू देत.