वकिलांच्या कार्यालयाशी एन्क्रिप्टेड ईमेलने पत्रव्यवहार: माझा अनुभव

संगणकावरचे माझे काम एका बैठकीत संपले होते. त्यानंतर नाशिकच्या सीबीएस परिसरातील एका वकिलांच्या कार्यालयाकडून एक योग्य फाइल मिळायला पावसाळा उलटला, आणि ती मिळाल्यावरही पहिल्याच उत्तरात सगळी गुप्तता वाया गेली. हा राग अजून पूर्णपणे गेलेला नाही. आपले खाजगी कागद वकील, सीए किंवा डॉक्टर यांना ईमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला अडचण नेमकी कोठे येते ते आधी कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रसंग वडिलांच्या मृत्युपत्राचा होता. गंगापूर रोडवरचा फ्लॅट, दिंडोरी तालुक्यातील थोडी शेतजमीन आणि बँकेतील ठेवी यांपैकी कोणाला काय आणि कोणत्या कारणाने द्यायचे, हे बाबांनी सविस्तर लिहून काढले होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मृत्युपत्राला लागू होत नाही, त्यामुळे अंतिम मृत्युपत्र कागदावरच करावे लागते आणि भारतीय वारसा अधिनियम, 1925 प्रमाणे त्यावर दोन साक्षीदार लागतात. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी कच्चे मसुदे अनेक वेळा इकडून तिकडे जातात, आणि त्यांतच खातेक्रमांक, पॅन, आधार आणि घरातल्या माणसांविषयी बाबांनी मोकळेपणाने लिहिलेली वाक्ये असतात.

साधा ईमेल प्रवासात बहुतेक वेळा सुरक्षित असतो, कारण एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना तो टीएलएसच्या, म्हणजे प्रवासापुरता मजकूर झाकणाऱ्या पद्धतीच्या, आवरणातून जातो. मात्र दोन्ही टोकांच्या मेलबॉक्समध्ये तो वाचता येईल अशाच स्वरूपात पडून राहतो. या कार्यालयाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कारकुनापासून दोन्ही ज्युनिअर वकिलांपर्यंत सर्वांना ठाऊक होता. इतकेच नव्हे, तर प्रिंट काढण्यासाठी खालच्या झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर तो मेलबॉक्स उघडला जात असे, हे मी स्वतः रांगेत उभी असताना पाहिले. दुकानदाराविषयी माझी तक्रार नाही. पण बाबांचे शब्द त्या पडद्यावर उघडू नयेत, एवढे मी त्याच क्षणी ठरवले.

थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रॅममध्ये 2020 सालच्या 78व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे मजकूर ठरावीक व्यक्तीलाच उघडता येईल असा बंद (एन्क्रिप्ट) करण्याची पद्धत, अंगभूत आहे. वेगळे काही बसवावे लागत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन या विभागात जाऊन नवी की तयार करता येते. तिचे दोन भाग असतात: पब्लिक की कोणालाही द्यावी, तिने मजकूर फक्त बंद करता येतो, प्रायव्हेट की कोणालाही देऊ नये, कारण बंद झालेला मजकूर तिनेच उघडतो. पुण्याच्या भावाला मी हे फोनवर सांगितले आणि त्याने लगेच केले, म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

कार्यालयात मात्र कारकुनाचे पहिले उत्तर होते, “ताई, एवढं कशाला? व्हॉट्सॲपवर टाका ना.” व्हॉट्सॲपवरही 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, हे मान्य करूनच मी नकार दिला, कारण कार्यालयाचा तो फोन दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असे आणि आलेली प्रत्येक फाइल त्यात साठून राहत असे. दिवसा वकील कोर्टात असतात आणि संध्याकाळी अशिलांची गर्दी असते, त्यामुळे शांतपणे बोलायला कोणी सापडत नव्हते. अखेर ज्युनिअर वकिलांपैकी एकाने थंडरबर्ड बसवून घेतो असे सांगितले, आणि त्यानंतर “उद्या करतो, मॅडम” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की फोन लावण्यापूर्वीच मला थकवा येऊ लागला.

एके दिवशी त्याचा ईमेल आला. त्याला एक फाइल जोडलेली होती आणि मजकुरात एक पासवर्ड लिहिलेला होता. पब्लिक कीला पासवर्ड लागत नाही, म्हणून मला तेथेच शंका आली. फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिल्या ओळीत इंग्रजीत ‘बिगिन पीजीपी प्रायव्हेट की ब्लॉक’ असे होते. की मॅनेजरमधील फाइल मेनूत ‘एक्स्पोर्ट पब्लिक की’ आणि ‘बॅकअप सीक्रेट की’ असे दोन्ही पर्याय आहेत. त्याने दुसरा निवडला, प्रोग्रॅमने मागितला म्हणून पासवर्ड दिला, आणि मला फाइल उघडता यावी म्हणून तोही त्याच ईमेलमध्ये लिहिला. ज्या वस्तूवर कार्यालयाची सारी गुप्तता अवलंबून होती ती आता साध्या ईमेलमध्ये, पासवर्डसह, माझ्या मेलबॉक्समध्ये होती, त्यांच्या पाठवलेल्या पत्रांत होती, आणि झेरॉक्सच्या दुकानात जो मेलबॉक्स उघडला जात होता त्यातही होती.

मी लगेच फोन केला, तर तो म्हणाला, “डिलीट करतो, मॅडम, तुम्हीही करा.” अशी की डिलीट करून भागत नाही, कारण तिच्या प्रती कोठे कोठे राहिल्या हे कोणालाच सांगता येत नाही, ती की रद्द करावी लागते, म्हणजे रिव्होक करावी लागते, आणि नवी बनवावी लागते. हे त्याला पटेना. जुनी की व्यवस्थित चालत असताना पुन्हा उठाठेव कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. शेवटी मी कोर्ट सुटल्यानंतर थेट वकीलसाहेबांसमोर जाऊन बसले. त्यांनी सगळे ऐकून एकच विचारले, “म्हणजे या कीवर माझ्याकडे येणारं सगळं कोणीही वाचू शकेल?” मी हो म्हटले आणि त्यांनी माझ्यासमोरच नवी की करायला सांगितली. तेव्हापासून माझा सल्ला असा आहे की कार्यालयातील सर्वांत वरिष्ठ व्यक्तीशी पहिल्याच दिवशी बोलावे. अशिलाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर असते, त्यामुळे मुद्दा त्यांना लवकर कळतो.

नवी पब्लिक की आली, तेव्हा फिंगरप्रिंट जुळवण्याचा प्रश्न उभा राहिला. कोणत्याही नावाने आणि कोणत्याही ईमेल पत्त्याने की तयार करता येते. की आपोआप खरी ठरत नाही. म्हणून तिचे फिंगरप्रिंट, म्हणजे अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून 40 चिन्हांची ओळ, ईमेलखेरीज दुसऱ्या मार्गाने ताडून पाहावी लागते. फोनवर कारकून म्हणाला, “मेलवर आलंय ना, तेच आहे.” परंतु मेल मध्येच कोणी बदलला असेल तर त्यात आलेले फिंगरप्रिंटही त्याचेच असणार, म्हणून मी पुन्हा सीबीएसला गेले. ज्युनिअर वकिलाने त्यांच्या पडद्यावरून चार-चार चिन्हांचे गट वाचले, मी माझ्या कागदावर खुणा केल्या, आणि हे काम चहा येण्याच्या आत संपले. इतक्या छोट्या गोष्टीसाठी एवढी प्रतीक्षा करावी लागली याचे वाईट वाटले, तरी तो कागद घेऊन जिना उतरताना मला मनापासून समाधान झाले.

मग मी पहिला मसुदा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आले ते उघड्या स्वरूपात, खाली माझा संपूर्ण मूळ मजकूर खातेक्रमांकांसह जसाच्या तसा जोडलेला. त्यांच्या थंडरबर्डमध्ये माझी पब्लिक की स्वीकारलेली नव्हती, त्यामुळे उत्तर एन्क्रिप्ट होत नाही असा संदेश आला, आणि ज्युनिअर वकिलाने एन्क्रिप्शन बंद करून उत्तर पाठवून दिले. मी कितीही काळजीने मजकूर बंद केला तरी समोरच्याने तो उघडून खाली जोडला की माझी सगळी मेहनत संपली. त्या संध्याकाळी बाबांना हे सांगणे मला फार जड गेले. बँकेत काही बदलावे लागले नाही, परंतु बाबांनी घरच्यांविषयी लिहिलेली वाक्ये परत मागवता येणार नव्हती.

तेव्हा ज्याला कोणाला हे करायचे असेल त्याने पहिला ईमेल निरर्थक मजकुराचा पाठवावा, उत्तरही एन्क्रिप्टेड येते का हे पाहावे, आणि ते आल्याशिवाय खरा मजकूर पाठवू नये. समोरच्या संगणकावर आपली पब्लिक की स्वीकारली गेली आहे याची खात्री शक्यतो शेजारी बसून करावी. मी वकीलसाहेबांच्या परवानगीने त्यांच्या खात्यात एन्क्रिप्शन नेहमी चालू राहील अशी सेटिंग करून दिली, आणि त्यानंतर तो प्रकार पुन्हा घडला नाही. झेरॉक्सच्या दुकानात मेलबॉक्स आजही उघडला जातो, पण माझ्या पत्रांच्या जागी तेथे केवळ न वाचता येणारी एक जोडलेली फाइल दिसते. आमचे कागद आता कार्यालयातील प्रिंटरवरच निघतात.

या काळात मला अनेकांनी विचारले की एवढे लपवायचे काय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले आहे. त्यानंतर आपल्या पत्रांना आवरण घालण्याचे कारण सांगण्याची गरज नागरिकाला पडू नये, असे मला वाटते. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी, म्हणजे ओपनपीजीपीचे मूळ रूप, लोकांसाठी खुले केले, त्यानंतर त्यांच्यामागे अमेरिकी सरकारची चौकशी लागली आणि ती 1996 मध्ये कोणताही खटला न भरता बंद झाली. एका माणसाने त्या काळात जे सोसले त्यामुळे आज दिंडोरीच्या जमिनीचा मसुदा सुरक्षित जाऊ शकतो, याची मला कृतज्ञता वाटते.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या, त्या आठवतील तशा सांगते. थंडरबर्डमध्ये प्रायमरी पासवर्ड अवश्य लावावा. तो नसेल तर संगणकासमोर बसणारा कोणीही तुमची एन्क्रिप्टेड पत्रे उघडू शकतो, आणि मला वाटते कार्यालयांत हीच त्रुटी सर्वाधिक असेल. प्रायव्हेट कीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवावा, कारण ती हरवली तर जुनी पत्रे कोणीही, अगदी ईमेल कंपनीसुद्धा, उघडून देऊ शकत नाही. पाठवणारा, घेणारा आणि वेळ या गोष्टी एन्क्रिप्शनने झाकल्या जात नाहीत. थंडरबर्ड विषयाची ओळ झाकते, पण प्रत्येक प्रोग्रॅम तसे करत नाही, त्यामुळे विषयात ‘मृत्युपत्र’ असे न लिहिता ‘कागदपत्रे’ एवढेच लिहावे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या जीमेलमध्ये ही पत्रे वाचता येत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. माझ्या भावाने त्यावरून मला रात्री उशिरा फोन केला होता. ईफेल नावाची त्रुटी 2018 मध्ये उघड झाली, तेव्हा एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारख्या, स्वरूपाच्या ईमेलमधून उलगडलेला मजकूर बाहेर पाठवता येतो हे दिसले, म्हणून प्रोग्रॅम अद्ययावत ठेवावा आणि बाहेरील चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत.

आणखी एक बाब कार्यालयाला मी लेखी देऊन ठेवली आहे. थंडरबर्डमध्ये तयार केलेल्या कीची मुदत सहसा तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी वाढवता येते, परंतु वाढवल्यानंतर पब्लिक की सर्वांना पुन्हा पाठवावी लागते, कारण त्यांच्याकडच्या प्रतीत जुनीच तारीख राहते आणि त्या तारखेनंतर त्यांना तुम्हाला एन्क्रिप्टेड पत्र पाठवता येत नाही.