चित्र दिसते, आवाज का येत नाही?

आजोबांची बोलती-चालती अशी एकच आठवण आमच्या घरात उरली आहे, ती म्हणजे जुन्या साध्या मोबाइलवर मामाने घेतलेली दीड मिनिटाची थ्रीजीपी फाईल. मागच्या महिन्यात आईला दाखवावी म्हणून मी ती संगणकावर उघडली, तर चित्र नीट सुरू झाले, आजोबांचे ओठही हलत होते, पण आवाजाचा पत्ता नव्हता. "अण्णा बोलतायत ना, मग ऐकू का येत नाही?" असे आईने विचारले. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुढचे तीन रविवार मी घरातल्या सगळ्याच जुन्या व्हिडिओ फायली तपासण्यात घालवले, आणि त्यातून जे कळले ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

फाईलच्या नावाच्या शेवटी येणारी एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ किंवा एमओव्ही ही अक्षरे आपण व्हिडिओचा प्रकार म्हणून वाचतो, पण खरे तर ती फक्त डब्याची नावे आहेत. डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचे एक किंवा अधिक प्रवाह असतात, कधी उपशीर्षकेही असतात, आणि यातला प्रत्येक प्रवाह कोणत्या ना कोणत्या पद्धतीने दाबून लहान केलेला असतो. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एव्हीआय हा डबा १९९२ सालचा आहे. एमकेव्ही त्याच्यापेक्षा बराच नवा आहे, आणि त्यात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच २६४ पद्धतीचे चित्रही असू शकते आणि २०१३ च्या एच २६५ चेही. त्यामुळे "माझ्या संगणकावर एमकेव्ही चालत नाही" एवढ्याने काहीच निदान होत नाही, आणि एमकेव्ही फाईलचे नाव बदलून एमपी४ केले तरी आतला माल तोच राहतो.

म्हणून पहिले काम आत काय आहे ते पाहण्याचे. मीडियाइन्फो नावाची एक छोटी मोफत प्रणाली आहे; फाईल तिच्यावर नेऊन सोडली की सगळा तपशील समोर येतो. आजोबांच्या फाईलमध्ये चित्र एच २६३ पद्धतीचे, रुंदी १७६ आणि उंची १४४ बिंदू, आणि आवाज एएमआर पद्धतीचा, सेकंदाला ८,००० नमुन्यांचा निघाला. एएमआर ही पद्धत मोबाइलवरच्या बोलण्यासाठी तयार केलेली आहे. माझ्या संगणकात आधीपासून असलेल्या प्लेअरला चित्राची पद्धत उलगडता येत होती, आवाजाची येत नव्हती, आणि न समजलेला प्रवाह त्याने कसलीही सूचना न देता गाळून टाकला होता.

तीच फाईल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडल्यावर पहिल्याच क्षणी आजोबांचा आवाज आला: "चालू झालं का रे हे?" आईने ते वाक्य चार वेळा मागे नेऊन ऐकले. व्हीएलसीला हे जमते याचे कारण असे की ते संगणकातल्या कोडेकांवर अवलंबून राहत नाही, बहुतेक सगळे कोडेक स्वतःबरोबर घेऊनच येते. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेत १९९६ साली विद्यार्थ्यांनी हाती घेतलेला हा प्रकल्प २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. ते नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे, आणि "हा व्हिडिओ पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवा" अशी सूचना कुठे दिसली तर तिला हात लावू नये, कारण संगणकात नको ते घुसवण्याचा तो फार जुना मार्ग आहे. एकावर एक कोडेकसंच बसवत जाणेही मी टाळते. त्यांची आपसात गाठ पडली की कालपर्यंत चालणारी फाईलही बंद पडते.

फाईल आईच्या टॅबलेटवरही चालावी म्हणून मात्र तिचे रूपांतर करणे भाग होते, आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रूपांतर दोन प्रकारचे असते. एकात आतला माल जसाच्या तसा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवला जातो. त्याला काही सेकंद लागतात आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्यात चित्र पूर्ण उलगडून नव्याने दाबले जाते. त्याला वेळ लागतो आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो. १७६ बिंदू रुंदीच्या त्या चित्रात गमावण्याजोगे काही शिल्लकच नव्हते. म्हणून मी एफएफएमपेग ही रूपांतराची मोफत प्रणाली वापरून चित्राचा प्रवाह होता तसाच ठेवला आणि फक्त आवाज टॅबलेटला उलगडता येणाऱ्या एएसी पद्धतीत बदलून घेतला. टॅबलेटवर आधी व्हीएलसी बसवले होते, पण आईला ते वापरणे अवघड जात होते. आता तिच्या नेहमीच्या गॅलरीतच फाईल चालते. मूळ फाईल अर्थातच जपून ठेवली आहे, आणि तिची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर आहे.

भाचीच्या नव्या फोनवरच्या फायलींची तक्रार अगदी वेगळी होती. आवाज नीट चालायचा, चित्र मात्र अडखळत मागे पडायचे. त्या फायली फोर-के आकाराच्या आणि एच २६५ पद्धतीच्या होत्या. ही पद्धत एच २६४ च्या साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा देते, पण उलगडताना बरेच जास्त गणित करायला लावते. अलीकडच्या संगणकांत त्यासाठी चिपमध्येच वेगळी सोय असते, माझ्या जुन्या संगणकात ती नाही. तेव्हा नुसते पाहण्यासाठी हँडब्रेक या रूपांतराच्या दुसऱ्या प्रणालीने एच २६४ ची १,०८० बिंदू उंचीची वेगळी प्रत काढली. जुन्या कॅमकॉर्डरच्या फायलींमध्ये कोणी हात हलवला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत होत्या. व्हीएलसीमधला डीइंटरलेस हा पर्याय चालू करताच त्या गेल्या.

एक फाईल अजून अडून बसली आहे. मामेभावाच्या लग्नात चित्रीकरण चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. चित्र आणि आवाज कुठे कुठे आहेत याची सूची बरेच कॅमेरे एमपी४ फाईलमध्ये चित्रीकरण थांबवल्यावरच लिहितात, त्यामुळे ती लिहिलीच गेली नाही, आणि सूचीशिवाय व्हीएलसीलाही ही फाईल उघडता येत नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच मांडणीत घेतलेली दुसरी धडधाकट फाईल हाताशी असेल, तर तिच्या आधाराने हरवलेली सूची पुन्हा रचून देणाऱ्या प्रणाली आहेत. तो कॅमेरा अजून मामेभावाकडे आहे, आणि येत्या रविवारी तो घेऊन येणार आहे.