संक्रांतीच्या कागदी डब्या, काम कुठवर आलंय

तर मंडळी, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकची चाळणी, वाटी, साबणाची डिश असलं काही लुटायचं नाही हे दिवाळीतच ठरलं होतं. कागदाची डबी, आत तिळगूळ नाहीतर हलवा, बास. आमच्याकडे संक्रांत ते रथसप्तमी सोसायटी, भिशीवाल्या, माहेरच्या, सासरच्या असं सगळं धरून साठ-सत्तर बायका होतात, म्हणजे तेवढ्या डब्या आणि सगळ्या हाताने. इथे मी कागद, मापं आणि घडी एवढ्यावरच लिहितेय, सजावटीवर नाही, कारण माझं मत आता पक्कं झालंय की डबी दिसते ती घडीमुळे. लेस, कुंदन, ग्लिटर हे सगळं वाकड्या कडेवरून नजर हटवायला असतं. ज्यांना ग्लिटर आवडतं त्यांनी रागावू नका, पण खायच्या वस्तूच्या डबीवर ग्लिटर मला तरी नको, ते तिळगुळात उतरतंच.

नोव्हेंबर अखेर

सुरुवात खाऊ मोजण्यापासून. बरेच जण हे उलटं करतात, नेटवरून टेम्प्लेट उतरवायचं, प्रिंट मारायची, डबी झाली की मग बघायचं यात मावतंय काय. आमच्या सासूबाई तिळगुळाचे लाडू वळतात ते साधारण अडीच सेंटीमीटरचे, एका मापाचे, हात बसलाय त्यांचा. असे चार लाडू दोन-दोनच्या ओळीत ठेवले की पाच बाय पाचचा तळ लागतो आणि अडीचच्या वर थोडी उंची. आता गंमत बघा, १५ सेंमीचा चौकोनी कागद घेऊन जपानी मासू डबी घडवली की तळ येतो ५.३ सेंमी आणि उंची त्याच्या बरोबर निम्मी, २.६५. म्हणजे चार लाडू आणि खाली बटर पेपर, जणू त्यासाठीच माप काढलंय. हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे, कागदाची बाजू भागिले २.८३ केलं की तळाची बाजू, आणि तिच्या निम्मी उंची. मोठी डबी हवी तर २० सेंमीच्या कागदातून सात सेंमीचा तळ येतो. मासू म्हणजे मुळात तिकडचं तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप, आपल्याकडच्या मापट्यासारखं, कागदाची डबी त्याच आकाराची म्हणून तेच नाव.

मासूला गोंद लागत नाही हा मोठा फायदा, आतल्या बाजूला काही चिकटवलेलंच नसतं. झाकण पण तसंच घडवायचं, फक्त चौकोन ४ मिमी मोठा घ्यायचा, तेवढ्याने तळ जवळपास दीड मिमीने वाढतो आणि झाकण अलगद बसतं. कागद जाड असेल तर ५-६ मिमी वाढवा. पण मुळात मासूला जाड कागद घेऊच नका, १०० ते १२० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड) पुरे, २५० ची कार्डशीट घेतलीत तर कोपऱ्यात इतके थर एकमेकांवर येतात की डबी आपोआप उघडायला बघते.

डिसेंबर, कागदाची खरेदी

नाशिकच्या बाजारात मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार असा नेहमीचा फेरा. मला हवी होती काळी कार्डशीट, संक्रांत म्हणजे काळं हे आलंच, काळ्या साडीवर पांढरे हलव्याचे दागिने दिसतात तसा काळ्या डबीत पांढरा काटेरी हलवा दिसावा एवढी साधी कल्पना. पण काळी शीट घेताना एक बघायचं, कागद आरपार काळा आहे की वरून छापलेला. दुकानात उभ्या उभ्या कोपरा थोडा फाडून बघा (दुकानदाराला विचारून हो, नाहीतर म्हणाल मीच सांगितलं), फाटलेल्या कडेला आत पांढरं दिसलं तर ती शीट डबीच्या कामाची नाही, प्रत्येक घडीवर पांढरी रेघ उमटणार आणि मग काळा स्केचपेन घेऊन बसा. आरपार रंगलेली थोडी महाग मिळते पण तीच घ्या.

दुसरं म्हणजे कागदाची धार, म्हणजे त्यातले तंतू कुठल्या दिशेने झोपलेत ते. मशीनवर कागद बनताना बरेचसे तंतू मशीन चालतं त्या दिशेला वळतात, त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत येते, आडवी घातली तर कड फुटल्यासारखी होते. ओळखायचं कसं, तर शीट हातात घेऊन न मोडता एकदा उभी आणि एकदा आडवी हलकेच वाकवायची, ज्या बाजूने कमी जोर लागतो त्या वाकाची रेघ ही धारेला समांतर. तरी कळलं नाही तर एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा, तो गुंडाळी होतो आणि गुंडाळीची नळी ज्या दिशेला तीच धार. मी आता प्रत्येक शीटच्या मागे पेन्सिलने बाण काढूनच ठेवते, कापल्यावर तुकड्यांचं काही कळत नाही.

त्यात आपली नाशिकची थंडी. निफाडचा पारा रोज पेपरात येतो, पण थंडीपेक्षा जास्त त्रास कोरड्या हवेचा, कागदातला ओलावा उडतो, तो कडक होतो आणि पावसाळ्यात मुकाट घडी घेणारी तीच शीट डिसेंबरात कडेला तडकते. मी काय करते, दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या शीट रात्री स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात गुंडाळून सपाट ठेवते, तिथे वाफ असते थोडी. फरक पडतो. पाणी शिंपडायचं मात्र नाही, लाटा येतात.

हातकागद पण आणून बघितला, जाडसर, फुलांच्या पाकळ्या घातलेला. दिसायला फार सुंदर, पण तो बहुतेक सुती चिंध्यांचा असतो आणि हाताने गाळल्यामुळे तंतू सगळीकडे पसरलेले, त्यामुळे फुटत नाही कुठेच पण टोकदार घडी पण येत नाही, कड गोलसरच राहते. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आपल्या नोटेचा कागदही कापसाचाच, म्हणून तर ती कितीदा दुमडून कमरेला खोचली तरी लगेच फाटत नाही. तर हातकागद झाकणावरच्या पट्टीला वापरा, डबी त्याची नको.

डिसेंबरचा मध्य, काडेपेटीची डबी

हलव्यासाठी मला सरकती डबी हवी होती, काडेपेटीसारखी, आतला ड्रॉवर आणि बाहेरचं कव्हर. हे माप नीट देते कारण एका ए-फोरमधून दोन डब्या निघतात आणि कागद फारसा वाया जात नाही. ड्रॉवर ७ बाय ५ आणि उंची २.५, म्हणजे तुकडा १२ बाय १० चा. चारही बाजूंनी अडीच सेंमीवर घडी, कोपऱ्यातल्या चौकोनांना एकेक काप, ते आत वळवून चिकटवायचे. कव्हर ड्रॉवरपेक्षा १ मिमी रुंद आणि १ मिमी उंच, म्हणजे ५.१, २.६, ५.१, २.६ आणि चिकटवायला १.२ ची पट्टी, झाले १६.६, आणि लांबी ७. ए-फोर उभा धरला की वर दोन ड्रॉवर शेजारी शेजारी (२० सेंमी), खाली दोन कव्हरं एकाखाली एक (१४ सेंमी), सगळं मिळून २६ सेंमी उंचीत बसतं. आणि धार उभी असेल तर कव्हरच्या चारही घड्या धारेला समांतर येतात, ड्रॉवरच्या अर्ध्या आडव्या येतात पण त्या आतच असतात. तो १ मिमी विसरलात तर ड्रॉवर अडकतो, आणि २ दिलात तर डबी उलटी धरल्यावर हलवा जमिनीवर.

कव्हरच्या तोंडाशी बोटाने ढकलायला अर्धगोल हवा, त्याला रुपयाचं नाणं निम्मं ठेवून पेन्सिल फिरवली की झालं, नवीन कटरने हळू हळू कापायचं.

आता घडी, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. २५० जीएसएम आणि वरचा कागद नुसता हाताने दुमडायचा नाही, आधी रेघ दाबायची. माझं हत्यार म्हणजे शाई संपलेली बॉलपेनची रिफील आणि स्टीलची पट्टी, क्रोशाची सुई पण चालते. खाली कडक टेबल नको, जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा थोडी वर्तमानपत्रं घ्या म्हणजे रेघ खोल बसते. एकदाच जोर लावून ओढण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा ओढलेली रेघ चांगली.

आणि रेघ दाबली की घडी कुठल्या बाजूला? बहुतेक जण खाचेच्या आत दुमडतात, वही मिटतो तसं, कारण ते सोपं वाटतं. पण छापखान्यात क्रीजिंग करतात तिथे बघा, दाब बाहेरच्या म्हणजे छापील बाजूने देतात, मागे एक बारीक उंचवटा येतो आणि घडी अशी घालतात की तो उंचवटा आतल्या बाजूला राहील. खाच बाहेर, फुगवटा आत. असं केलं की बाहेरच्या थरावर ताण कमी पडतो आणि कड फुटत नाही. विश्वास नसेल तर एकाच शीटचे दोन तुकडे घ्या, दोन्ही पद्धतीने दुमडा आणि खिडकीपाशी उजेडात तिरके धरा. काळ्या कागदावर तर लगेच कळतं, एका कडेला राखाडी केस उभे राहिल्यासारखे तंतू दिसतात आणि दुसरी कड नुसती काळी रेघ. घडी घातल्यावर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने एकदा चोळायची, पण मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवून, नाहीतर काळ्या कागदावर चकचकीत पट्टा उमटतो तो जात नाही.

फेविकॉलचं पण तसंच, काळ्यावर सुकलेला थेंब आयुष्यभर चमकतो. कोपऱ्यांच्या छोट्या तुकड्यांना फेविकॉल, आइस्क्रीमच्या काडीने अगदी पातळ, आणि कव्हरच्या लांब पट्टीला डबल साइडेड टेप, कारण फेविकॉलमधलं पाणी लांब पट्टीला लाट आणतं. थंडीत तो सुकायलाही वेळ घेतो, मी कपड्यांचे चिमटे लावून ठेवते. स्टेपलरची पिन मात्र खाऊच्या डबीला कधीही नाही, छोट्या मुलांच्या हातात जाते ती डबी.

डिसेंबर अखेर, तेलाचा डाग

तिळगुळात तूप असतं, तीळ स्वतः तेल सोडतात, त्यामुळे कार्डशीटमध्ये नुसता लाडू ठेवला तर सकाळपर्यंत खाली गोल डाग. मुद्दाम ठेवून बघितला, काळ्यावर डाग कमी दिसतो पण असतो. म्हणून लाडवांच्या डबीत बटर पेपर हवाच, तळापेक्षा दोन-दोन सेंमी मोठा कापून कडेने वर घ्यायचा. हलवा कोरडा असतो, त्याला डागाची भीती नाही पण त्यालाही मी बटर पेपर घालते, कारण रंगीत कार्डशीट ही काही खाण्यासाठी बनवलेली नसते. छापील कागद तर खाऊला लागता कामा नये, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत बंदीच आहे, शाईमुळे.

हेच लग्नपत्रिकांना लागू. घरात पत्रिकांचा ढीग होताच, कागद झकास, चमकदार, चांगला जाड. काडेपेटीच्या कव्हरला त्या अप्रतिम लागतात, आतला ड्रॉवर साध्या कार्डशीटचा ठेवायचा. सोनेरी फॉइलवर घडी आली की फॉइल तडकतं, म्हणून मापं अशी टाकायची की फॉइलचं डिझाइन सपाट बाजूवर येईल. गणपतीचा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, गणपतीवर कात्री नको हं चालवूस, तो भाग बाजूला काढ.” मी म्हटलं, “आई, कापत नाहीये, तो बरोबर वरच्या बाजूला मध्यभागी आणतेय.” मग त्यांनी स्वतःच चष्मा लावून मापं बघितली आणि तेव्हापासून पत्रिका निवडायचं काम त्यांच्याकडे गेलं. वधू-वरांची नावं आतल्या बाजूला जातात, फक्त हे बघा की ज्यांच्या घरचं लग्न होतं त्यांच्याच हातात ती डबी जाऊ नये, आमच्या जाऊबाईंकडे असं होता होता राहिलंय.

आत्ता

काळ्या काडेपेट्या जवळपास झाल्या, कव्हरवर काही नाही, फक्त येवल्याच्या पैठणीचा मोर असतो तसा एक छोटा मोर घोटीव कागदातून कापून काहींना लावलाय. लाडवांच्या मासू अजून अर्ध्या बाकी आहेत, त्या टीव्हीसमोर बसून होतात, त्याचं टेन्शन नाही. डब्या रिकाम्याच रचून ठेवल्यात, खाऊ आदल्या दिवशीच भरणार, हलवा आधी भरला आणि हवेत ओलावा लागला की काटे चिकटतात. बुटाच्या खोक्यात उभ्या रचा, एकावर एक ठेवल्या तर खालच्यांची झाकणं दबतात.

मनुकांसाठी पिलो बॉक्स, म्हणजे उशीसारखी फुगीर डबी, पण सुरू केलाय. ८ सेंमी रुंदीला दीड सेंमी खोल कमान, वाटीच्या कडेने आखून रिफीलने दाबायची, गोल रेघेवर पट्टी चालत नाही म्हणून हात स्थिर लागतो. यात मात्र धार डबीच्या लांबीला समांतर ठेवा, आडवी ठेवली तर पोट फुगायच्या ऐवजी मोडतं.

एक विचारायचंय. काडेपेटीच्या कव्हरला खिडकी ठेवायची आहे, हलवा बाहेरून दिसावा म्हणून, पण प्लॅस्टिक लावायचं नाही. बटर पेपर धूसर दिसतो, पतंगाचा कागद बोट लागलं की फाटतो. कुणी दुसरं काही लावून बघितलंय का? भोगीच्या आत सांगा, नंतर डब्या भरल्या जातील.