अडीच मिली, पण कशात? डासांविषयी मराठीत लिहिताना

‘पाणी साठवू नका.’ डेंग्यूवरच्या मराठी लेखात हे वाक्य पहिल्या तीन ओळींत हमखास सापडतं. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने ते वाचून करायचं काय? नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असेल तर रांजण, हौद आणि दोनशे लिटरचा ड्रम भरलेलेच राहणार. सल्ला खोटा नाही, पण लिहिणाऱ्याने मराठवाड्यातलं घर डोळ्यांपुढे आणलेलं नाही. वाचणारा तिथेच लेख बंद करतो आणि खाली कामाचं काही असलं तरी ते वाया जातं.

म्हणून डासांवरचा मजकूर छापण्याआधी तपासताना आमचा पहिला प्रश्न एवढाच असतो: हे काम या घरात, एवढ्या पाण्यात करता येईल का?

करता येण्यासारखं लिहायचं तर असं लिहावं लागतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आपल्याकडच्या उष्णतेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. नळाची पाळीही जवळपास तेवढीच असते. तेव्हा पाणी यायच्या आदल्या दिवशी, भांडं तळाला गेलेलं असतानाच, ते काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने आतून घासायचं. नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं तर उपयोग नाही, कारण मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून घालते. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. ‘आठवड्याला कोरडा दिवस पाळा’ असं लिहून ‘घासा’ हा शब्द गाळणारे लेख आम्ही अर्धवट समजतो. तळाचं उरलेलं पाणी दुहेरी कापडातून गाळलं की धुण्याला किंवा झाडांना चालतं. कापडावर राहिलेल्या अळ्या तापल्या मातीवर झटकल्या की मरतात. झाकणाऐवजी जुनं धोतर बांधणार असाल तर दुहेरी आणि ताणून बांधा. ते खाली ओघळून पाण्याला टेकलं तर मादी ओल्या कापडावरच अंडी घालू शकते. कूलरचंही तेच, टाकीबरोबर तिची आतली कड घासायची. हंगाम संपल्यावर कूलर कोरडा करून ठेवला तरी घासल्याशिवाय पुढच्या मार्चमध्ये भरू नये.

नळाची पाळी दहा दिवसांच्या पुढे गेली तर हे गणित कोलमडतं. तिथे घट्ट झाकण, वापराच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे, नाहीतर आरोग्य कर्मचाऱ्याकडून अबेट हे अळ्या मारणारं औषध, एवढेच मार्ग उरतात. लेखात तेही स्पष्ट लिहायला हवं.

आता अबेट, म्हणजे टेमेफॉस. सगळ्यात धोकादायक चुका इथे होतात, आणि त्या खोटेपणामुळे होत नाहीत, आकडा अर्धा उचलल्यामुळे होतात. सरकारी सूचनांमध्ये ‘50 टक्के ईसी (म्हणजे पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध), 10 लिटर पाण्यात 2.5 मिली’ असं प्रमाण येतं. ते फवारणीचं द्रावण तयार करण्याचं आहे. ते द्रावण पंपाने गटारावर, साचलेल्या सांडपाण्यावर मारायचं, एक लिटर साधारण 50 मीटर लांबीला. कुणीतरी बातमीत पुढचं वाक्य कापून ‘10 लिटर पाण्यात 2.5 मिली अबेट टाका’ एवढंच ठेवतं. वाचणाऱ्याला वाटतं, बादलीत टाकायचं. हिशेब करून पाहा. 50 टक्के द्रवाच्या 2.5 मिलीत 1250 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत लिटरमागे 125 मिलिग्रॅम. साठवणीच्या पाण्यासाठी ठरलेलं प्रमाण लिटरमागे 1 मिलिग्रॅम आहे. सव्वाशे पट! दोनशे लिटरच्या ड्रमला 50 टक्के द्रव 0.4 मिली पुरतो, तोही सिरिंजने मोजून. 1 टक्क्याचे दाणे असतील तर 20 ग्रॅम. आकडे इथे दिले ते लिहिणाऱ्याला पडताळा घेता यावा म्हणून. घरच्यांनी बाटली आणून स्वतः टाकावं यासाठी नाही, ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याचं.

तेव्हा मात्रा लिहिताना चार गोष्टी एकाच वाक्यात हव्यात: औषधाचं नाव, टक्केवारी, किती पाण्याला, आणि ते पाणी कशाचं. वाक्य लांबलं तर लांबू द्या. दोन वाक्यांत तोडलं की फॉरवर्ड करणारा पहिलंच उचलतो. ‘एक झाकण’, ‘एक चमचा’ तर छापूच नये. आपल्याकडे शेतात पंपाला दोन झाकणं औषध टाकायची सवय आहे. झाकण म्हटलं की हात कपाशीच्या औषधाकडे जातो, आणि शेतातलं कीटकनाशक घरात येतं. डासांवरच्या घरगुती वस्तूची शिफारस करायची तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक पुड्यावर आहे का, हे आधी स्वतः पाहावं. डास पळवणाऱ्या कित्येक अगरबत्त्यांवर तो नसतो.

शब्दांचीही कटकट आहे. आरोग्य खातं ‘डेंगी’ लिहितं, लोक ‘डेंग्यू’ म्हणतात. खातं ‘हिवताप’ लिहितं, लोक ‘मलेरिया’. एकाच लेखात दोन्ही शब्द फिरवले तर काहींना ते दोन वेगळे आजार वाटतात. पहिल्यांदा दोन्ही लिहून हे एकच आहेत असं सांगावं आणि पुढे एकच शब्द वापरावा. डास अंगावर बसू न देणारं मलम आणि डास मारणारं औषध यांत तर सर्रास गोंधळ असतो.

फोटोंचं विचारू नका. 20 ऑगस्ट 1897 ला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. निजामाच्या राज्यातलं ते सिकंदराबाद, आणि मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. त्यामुळे दर 20 ऑगस्टला इकडे उत्साहाने लेख येतात आणि वर पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा एडिस झळकत असतो. हिवतापाचा डास अॅनोफिलीस. तो बसताना शेपटीकडून वर उचललेला, तिरका दिसतो. अळीही वेगळी: अॅनोफिलीसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, बाकीच्यांची डोकं खाली करून लोंबते. फोटो चुकला की वेळही चुकते. एडिस दिवसा चावतो, अॅनोफिलीस रात्री. मग माणूस रात्री मच्छरदाणी लावून निर्धास्त होतो आणि दुपारी झोपलेलं लेकरू उघडंच राहतं.

सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांच्या बातम्यांत डासांच्या जातीचा हाच घोटाळा मोठ्या अक्षरांत होतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली. काम खरंच चांगलं. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. पण त्याने सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास कमी होतो. एडिस घरातल्या स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये वाढतो, त्याला शोषखड्ड्याचं सोयरसुतक नाही. ‘शोषखड्डा केला, डेंग्यू गेला’ असा मथळा म्हणूनच चूक. आणि काळ्या मातीत खणायचं असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, हे लेखात नसलं तर खड्डा आठवड्यात तुंबतो आणि त्यातच डास होतात.

धूरफवारणीबद्दल थोडक्यात: त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. ‘फवारणी झाली, धोका टळला’ असं लिहू नये.

ताप आलेल्या घरासाठी लिहिताना क्रम महत्त्वाचा. धोक्याची लक्षणं आधी, कारण मोबाइलवर खालपर्यंत कुणी जात नाही. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती. आणि ताप उतरल्यावरचे 24 ते 48 तास. डेंग्यूत नेमकं तेव्हाच बिघडतं, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच ‘उतरला, बरं झालं’ म्हणून सोडून देतात. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नये हेही वरच लिहा, नुसतं ‘पॅरासिटामॉल चालतं’ पुरत नाही. तपासणीचा दिवस लिहा: पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). तिसऱ्या दिवशी आयजीएम नकारात्मक आली म्हणून डेंग्यू नाही, असं होत नाही.

गुडघ्याखाली खोबरेल तेल लावा, डेंग्यूचा डास त्याच्या वर उडतच नाही, हा निरोप दर पावसाळ्यात परत येतो. तो खोडताना मूळ निरोप मथळ्यात छापू नका. लोक मथळाच वाचतात. मथळ्यात खरं लिहा: ‘एडिस डास गुडघ्याच्या वरही चावतो’.

खऱ्या अभ्यासाचीही अशीच मोडतोड होते. 2003 च्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल जळाल्यावर बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचं वजन 75 ते 137 सिगारेटी जळाल्याएवढं भरलं. मराठीत त्याचं ‘एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी ओढणं’ झालं. मोजलं होतं ते धुरातून निघालेल्या कणांचं वजन. छातीत किती गेलं ते खोलीच्या आकारावर आणि उघड्या खिडकीवर ठरतं. कॉइलचा धूर वाईटच, पण म्हणून आकडा वाकवायचं कारण नाही. उलट, आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांबद्दल मऊ लिहायचं कारण नाही. 2007 साली दहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात त्यांचा काहीही उपयोग दिसला नाही.

शेवटी तारखेचं. मराठीत आरोग्याचा मजकूर लेख म्हणून कमी आणि चित्र म्हणून जास्त फिरतो. दुवा गळतो, चित्र राहतं. म्हणून ‘तपासलं: महिना, वर्ष’ चित्राच्या मधोमध घाला, कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. मात्राही पूर्ण वाक्यात, त्याच चित्रात. दुरुस्ती करताना जुना आकडा गुपचूप बदलू नका. ‘आधी अमुक छापलं होतं, ते चूक, बरोबर हे’ अशी ओळ सगळ्यात वर ठेवा आणि जिथे जिथे जुनं चित्र पाठवलं त्या प्रत्येक गटात नवं पाठवा. वर्षातून दोनदा सगळं पुन्हा वाचायचं, मार्चमध्ये कूलर माळ्यावरून उतरवायच्या आधी आणि जूनमध्ये पहिल्या पावसाआधी.